गाडीला 'ये' म्हणायचं असतं

रत्नागिरी,
माघ, १९८८

अहो,

'प्रिय' लिहिणार नाही. अठरा वर्षांच्या संसारात 'अहो'च्या पलीकडे मी तुम्हाला कधी हाक मारली नाही, आता कागदावर काय धीट होऊ?

आज तुमचं वर्षश्राद्ध झालं. कावळा पहिल्याच फेरीत पानाला शिवला. जिवंतपणी तीन हाका मारल्याशिवाय जेवायला उठला नाहीत, आणि आज मात्र केवढी घाई! भटजी म्हणाले, आत्मा तृप्त आहे. मी मान हलवली. तुम्ही तृप्त असाल हो, पण माझं काय?

जेवणं उरकून माणसं पांगली. कुसुम दुपारच्या एस्टीने वेळणेश्वरला सासरी गेली. जाताना तुमच्या या एकुलत्या बहिणीने अंगणाच्या दगडी गडग्यापासून परत फिरून मला एक गोष्ट सांगितली आणि ती ऐकल्यापासून माझा हात कशालाच लागत नाही. भांडी मोरीवर तशीच पडली आहेत. मी सरळ अंगणातल्या टेंपोत येऊन बसले, तुमच्या सीटवर. समोरच्या खणात तुमची आरशाची वही होती. पुढच्या पानांवर तुमची चित्रं, गोळा, वाटी, स्प्रिंग, बाण आणि तुमचं ते मुंग्यांसारखं अक्षर. मागची पानं कोरी होती. त्यांवर लिहिते आहे. रागावू नका.

कुसुम काय बोलली ते सांगतेच. पण त्याआधी मला माझं एक सांगायचं आहे. सात वर्षं ते मी दाताखाली धरून ठेवलं. तुम्ही असताना धाडस झालं नाही, आणि तुम्ही असे उठून गेलात की सांगायला वेळच ठेवली नाहीत.

टेंपो घेतलात तो दिवस आठवतो का? मुंबईचं लेथवरचं काम सोडून तुम्ही कायमचे घरी आलात आणि हा जुना टेंपो दारात उभा केलात. जांभ्याचे चिरे वाहायचे होते तुम्हाला. मी हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला. पण आपलं अंगण हे एवढंसं, गाडी वळवायला जागा नाही. रोज सकाळी ती उलटी घ्यायची आणि गडग्याला जिथे आडव्या बांबूंचं बेडं आहे, ते उघडून त्यातून मागे मागे रस्त्यावर काढायची. चिरे भरलेले असले की मागचं काही दिसायचं नाही. मग मला तुळशीजवळ उभं केलंत. म्हणालात, जागा आहे तोवर ओरडत राहा, संपली की 'बास' म्हण.

पहिल्या दिवशी मी काय ओरडले? "या! या! या! बास!" तुम्ही इंजिन बंद करून खिडकीतून डोकं बाहेर काढलंत आणि केवढे हसलात!

"अगो, पावण्यांना बोलवतंस काय? गाडीला अहो-जाहो कसली? गाडीला 'ये' म्हनायचा असता, ये!"

मी लाजून मेले. गाडी म्हटलं तरी आत तुम्ही बसलेले. पण हळूहळू सवय झाली. "ये, ये, ये, ये, बास!" खरं सांगू? मला ते फार आवडायचं. दिवसातून एकदा मला माझ्या नवऱ्याला अरे-तुरे करायला मिळायचं, तेही भर अंगणात, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं. शेजारच्या बायका पदरात तोंड घालून हसायच्या. तुम्ही तर आरशात बघायचंही सोडून दिलंत. "हिचा आवाज असताना आरशाची काय गरज?" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात.

तो भरवसाच नडला हो.

सात वर्षांपूर्वीच्या शिमग्याचं सांगते. कुसुम माहेरपणाला आली होती. मी या घरात आले तेव्हा ती दोन वेण्या घालून शाळेत जायची. तिला न्हाऊमाखू घातलं मी, तिचं लग्न लावून दिलं आपण. आपल्याला मूल झालं नाही. जे काय होतं ते तीच होती. पालखी घरी येऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती सासरी निघाली. तुम्हाला पावसच्या बाजूला चिरे टाकायचे होते, तिला स्टँडवर जायचं होतं. वाटा उलट्या, म्हणून ती चालत निघाली. मी तिची ओटी भरली, तिने देवाला, तुम्हाला, मला नमस्कार केला. तुम्ही टेंपोत जाऊन बसलात आणि इंजिन चालू केलंत. मी पडवीत उभी होते.

बेड्यापाशी पोचल्यावर ती वळली. लेकी वळतातच. एवढा निरोप झाला तरी शेवटचं एकदा विचारायचं राहतंच.

"येव का गो वैनी?"

जाणाऱ्याने 'जाते' म्हणू नये आणि आपणही 'जा' म्हणू नये, हे मला कोणी शिकवायला नको होतं. इंजिनाचा आवाज होता, म्हणून मी मोठ्याने ओरडले, "ये गो, ये! ये!"

टेंपो मागे आला.

पुढचं तुम्हाला काय सांगू? तुम्ही होताच तिथे. चिऱ्यांनी भरलेला टेंपो, चिऱ्यांचा गडगा आणि दोहोंमध्ये आपल्या कुसुमचा डावा पाय.

तो 'ये' माझा होता. तुम्हाला नव्हता, तिला होता. पण गेला तुमच्याकडे. हेच ते सात वर्षांचं. आता लिहून टाकलं. लिहिल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

सगळी वाडी धावत आली तेव्हा मी पडवीच्या खांबाला धरून उभी होते. मला आठवतंय, तुम्ही गाडी पुढे घेतलीत, खाली उडी मारलीत, कुसुमला उचलून बाजूला निजवलंत. आणि मग उठून डाव्या आरशावर हाताचा असा फटका मारलात की काच खळकन फुटली नि दांडी वाकडी झाली. हातातून रक्त ठिबकत होतं. कोणी काही विचारायच्या आतच तुम्ही ओरडत सुटलात, "आरसा फिरला व्हता! आरशान मान टाकलान, मला दिसलीच नाय ती!"

लोकांना ते पटलं. पटण्यासारखंच होतं. डाव्या आरशाचा नट धक्क्यांनी सैल होतो आणि आरसा खाली बघायला लागतो, हे ज्याच्याकडे गाडी आहे त्याला ठाऊक. कोणी म्हणालं, नशीब. कोणी म्हणालं, देवाने पायावर भागवलं.

आणि मी? मी तोंड उघडलं होतं. 'माझ्यामुळे झालं' असं म्हणणार होते. पण तुमचं ते ऐकलं आणि तोंड मिटलं. सांगायला लाज वाटते, पण मला सुटल्यासारखं वाटलं. कुसुम तिथे विव्हळत पडलेली आणि माझ्या मनात आलं, आरशावर गेलं, माझ्यावर नाही आलं. त्या एका क्षणासाठी मी स्वतःला कधी क्षमा केली नाही. तुम्ही कराल का?

त्यानंतर तुम्हाला आरशाने झपाटलं. कुसुमचा पाय वाचला पण गुडघ्यात वाकेना, ती काठीवर चालू लागली. ती दवाखान्यातून सासरी गेली आणि त्याच आठवड्यात तुम्ही ही वही आणलीत. पहिल्या पानावर लिहिलं आहे: 'ड्रायव्हरला सीटवरून उठावे लागता नये.' बाकी सगळं तुम्ही मला इतक्या वेळा समजावलं आहे की मी झोपेतही सांगेन. डावा आरसा नीट करायचा तर पाना घेऊन उतरायचं, पलीकडे जाऊन वळवायचा, परत येऊन सीटवर बसून बघायचं, चुकला असेल तर परत उतरायचं. म्हणून कोणी करतच नाही. तर तो आतूनच, बसल्या जागी वळला पाहिजे. आणि एकदा लावला की आपल्या रस्त्यांवरही हलता कामा नये.

बोलायला सोपं होतं ते! माझं घर मात्र तुम्ही खिळखिळं केलंत. माझ्या माहेरच्या लोखंडी खाटेला चार पितळी गोळे होते, त्यातला एक नाहीसा झाला. विचारलं तर म्हणालात, "तीन हायत ना अजून?" त्या गोळ्याला दांडी ठोकून तुम्ही तो वाटीत बसवलात, म्हणजे आरसा मानेसारखा चहूकडे वळेल. सायकलच्या ब्रेकच्या वायरी घेतल्यात, दारातून आत आणल्यात आणि स्टिअरिंगजवळ एक छोटा दांडा बसवलात. दांडा वर केला की आरसा खाली बघायचा, डावीकडे नेला की उजवीकडे. मी म्हटलं, तुमच्यासारखाच उलट्या डोक्याचा झालाय. त्यावर तुम्ही हसलात. अपघातानंतर पहिल्यांदा हसलात, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

गोळा सैल ठेवला तर आरसा थरथरायचा, घट्ट केला तर वायर तुटायची. चार महिने त्यातच गेले. मग एके दिवशी मी चहा ठेवायला गेले तर स्टोव्हला पंपच मारता येईना. पंपातला चामड्याचा वायसर गायब! तुम्ही तो खोबरेल तेलात भिजवून वाटीत बसवला होतात. मी कंबरेवर हात ठेवून भांडायला आले, आणि तुमचा चेहरा बघून भांडण विसरले.

"बग गो, चामडा धरता पन आनि सोडता पन. ह्याच पायजे व्हता मला."

काच हवी होती तेव्हा मात्र विचारायला आलात. बाजारातल्या काचेत चेहरा लांबट दिसतो म्हणालात. मी माझ्या फणेरपेटीच्या झाकणातला आरसा काढून दिला. आईने दिलेली पेटी ती. लग्नाच्या दिवशी त्याच आरशात बघून मी कुंकू लावलं होतं. तोच आरसा या टेंपोला डाव्या बाजूला आहे, आत्ता माझ्यासमोर. आता मला कुंकवाला आरसा लागत नाही, तेव्हा तो तिथेच आहे ते बरं आहे.

खाऱ्या हवेने वायरी गंजल्या, तेव्हा त्या ग्रीस भरून प्लास्टिकच्या नळीत घातल्यात आणि नळीची तोंडं मेणाने बुजवलीत. वाऱ्याने आरसा वळायचा, तेव्हा मागे स्प्रिंग लावलीत. पुण्याला एका कारखान्यात दाखवायला घेऊन गेलात, तर तिथल्या साहेबांनी चहा पाजून परत पाठवलं. म्हणे, कल्पना चांगली आहे, पण मागे उभं राहून ओरडायला माणूस असतोच की! तुम्ही घरी येऊन पिशवी खुंटीला अडकवलीत आणि एवढंच म्हणालात, "म्हनून तर."

तेव्हा ते दोन शब्द माझ्या काळजात रुतले. तुम्हाला कळलं आहे की काय? रात्रंदिवस तीच धास्ती असायची मला. आरसा जोखायचा असला की तुम्ही मला नेमकं बेड्यापाशी उभं करायचात, कुसुम उभी होती त्याच जागी. दुसरी जागा नव्हती का हो सगळ्या अंगणात? तुम्ही आत बसून दांडा हलवायचात आणि विचारायचात, "माजे डोले दिसतात?"

पहिल्यांदा मी "दिसतात" म्हणून ओरडले, तर तुम्ही एकदम करड्या आवाजात म्हणालात, "तोंडान बोलायचा नाय. दिसले तर हात वर कर."

मग तुम्ही मला ते समजावलंत. आरशाचा कायदा, म्हणालात. मागच्या माणसाला आरशात ड्रायव्हरचे डोळे दिसले, तर ड्रायव्हरलाही तो माणूस दिसतो. डोळे दिसत नसतील, तर त्याला आपण दिसत नाही. त्यात फसवणूक नसते. मी मान डोलावली. सहा वर्षं मी त्या बेड्यापाशी हात वर करत आले आणि दर वेळी मला वाटायचं, मला माझ्या चुकीच्या जागी उभं करून हे माझं तोंड बंद करतायत. ही शिक्षाच आहे. असू दे. मी ती घेतली. सांगणं त्याहून अवघड होतं.

अजून एक झालं होतं. निरोप घेणाऱ्याला 'ये' म्हणणं माझ्याच्याने होईना. मी म्हणायला लागले, "सावकाश जा." घरच्या माणसांना 'जा' म्हणते! तुमची आत्या किती बोलली होती त्यावरून. वर्षभर दारात आली नाही. आणि तुम्ही? पाहुणे उठले की कुठेही असलात तरी हातातलं टाकून यायचात आणि माझ्या मागे उभे राहून मोठ्याने म्हणायचात, "ये हां, ये रे, ये!" मला वाटायचं, बायकोने घराची रीत मोडली, ती नवरा सावरून घेतोय. एवढंच वाटायचं. किती मंद मी!

मग गेल्या माघातली ती सकाळ. मिरकरवाड्याच्या हसनभाईंच्या मासळीच्या ट्रकसाठी केलेला आरसा तुम्ही आधी आपल्याच टेंपोला लावून बघत होतात. सातवा आरसा. सहा गाड्यांवर तुमचे आरसे फिरत होते, एक तर हर्णैच्या मासळीवाल्याने नेलेला. पुण्याच्या साहेबांना नसली तरी आपल्या माणसांना त्याची किंमत कळली होती. तुम्ही खुशीत होतात. न्याहारीला आंबोळ्या केल्या होत्या, चार खाल्ल्यात.

मी बेड्यापाशी उभी. आरसा हलला, थांबला, आणि त्यात तुमचे डोळे दिसले. मी हात वर केला. तुम्ही बघितलंत माझ्याकडे. मग तुमचा चेहरा आरशातून खाली सरकला.

मला वाटलं, पाना घ्यायला वाकलात. मी हात वर धरूनच उभी राहिले. ओरडायचं नव्हतं ना! तुम्हीच सांगितलेलं, तोंडाने बोलायचं नाही. किती वेळ तशी उभी होते देव जाणे. खांदा दुखायला लागला तेव्हा कुठे हाक मारली, "अहो." मग पुन्हा, "अहो!" मग धावले. तुमचा हात त्या दांड्यावरच होता. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, मी लगेच ओरडले असते तरी उपयोग नव्हता. डॉक्टर बोलतात. मला मात्र अजून वाटतं, त्या मिनिटात तुम्ही माझ्या आवाजाची वाट बघत होतात.

आता आजचं.

कुसुम निघाली. ओटी भरायचा मान आता मला उरला नाही, म्हणून तिच्या पिशवीत आमसुलं नि कुळथाचं पीठ भरलं. काठी टेकत ती बेड्यापर्यंत गेली आणि वळली. अजूनही वळते हो ती.

"येव का गो वैनी?"

"सावकाश जा," मी म्हटलं. आता मागून 'ये हां' म्हणायला तुम्ही नव्हतात.

ती गेली नाही. काठी टेकत परत आली आणि तिने माझा दंड धरला. "सात वर्सा ह्याच आयकतंय. दादा व्हता तवर ठीक व्हता. आता कोन म्हनल मला 'ये'? एकदा म्हन ना गो."

मला रडू फुटलं. म्हटलं, कुसुम, मी त्या दिवशी म्हटलं होतं, म्हणूनच तुझा पाय गेला. आरसा फिरला असेल, पण टेंपो मागे आला तो माझ्या आवाजावर. मी हे कोणाला सांगितलं नाही. तुझ्या दादालाही नाही.

तिने माझा दंड सोडला. मग म्हणाली, "वैनी, आरसा फिरला नव्हता."

"काय?"

"सरल व्हता. मला त्यात दादाचे डोले दिसत व्हते. पन तो आरशात बगत नव्हता, समोर बगत व्हता. तुजा आवाज आयकलान आनि गाडी मागं घेतलान. मी दवाखान्यात शुद्धीवर आले ना, तवा ह्याच बोलायला गेले. दादान माज्या तोंडावर हात ठेवलान. हाताला पट्टी व्हती. म्हनाला, कुसुम, आरसा फिरला व्हता. मी म्हटला, नाय दादा, माज्या डोल्यांनी... तो म्हनाला, फिरला व्हता. तुजी वैनी हयातभर जगायची हाय अजून."

एवढं सांगून ती एस्टी गाठायला गेली. 'येते' म्हणाली. मी आजही 'ये' म्हटलं नाही. नुसता हात वर केला.

अहो, तुम्हाला ठाऊक होतं!

पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं. तो आरसा तुम्ही रागाने फोडला नव्हतात. सरळ होता, लोकांना दिसला असता, म्हणून फोडलात. आणि मी त्या हाताला महिनाभर हळद लावत बसले, एवढा कसला राग म्हणून तुम्हाला बोल लावत! 'तोंडाने बोलायचं नाही' म्हणालात ते मला गप्प करायला नव्हे. पुन्हा कधी माझ्या आवाजावर काही अवलंबून राहू नये म्हणून. पाहुण्यांना 'ये हां' म्हणायला धावायचात ते माझा शब्द अडतो हे कळत होतं म्हणून. एक खोटं बोललात माझ्यासाठी, आणि मग ते खरं वाटावं म्हणून सहा वर्षं आरसा करत बसलात. न फिरणारा.

मला सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं हो? एकदा नुसतं म्हणाला असतात, "मला ठाऊक आहे गो." मी तुमच्या पायांवर डोकं ठेवून मनसोक्त रडले असते. मग दोघांनी मिळून कुसुमला सांगितलं असतं. तसं न करता एका घरात, एका ताटातलं जेवून, आपण दोघं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत राहिलो. तुमचं हृदय त्या ओझ्याने थांबलं का? हे आता कोणाला विचारू? रागावले आहे मी तुमच्यावर. आणि तुमच्यासारखा माणूस मला मिळाला म्हणून रडतेही आहे, दोन्ही एकदमच चाललं आहे.

पण माझीच चूक आधीची. मी आधी बोलायला हवं होतं.

इथून आरशात बेडं दिसतं आहे. मोकळं आहे. कुसुम उभी राहते ती जागाही दिसते. दांडा हलवून बघितला, अजून लोण्यासारखा फिरतो. वर केला की आरसा वरच बघतो आता. शेवटी सरळ डोक्याचा केलात त्याला.

गेल्या आठवड्यात हसनभाई आले होते. तुमच्यानंतर त्यांनी तो सातवा आरसा नेला आणि आपला परत टेंपोला चढवून दिला, त्या सातव्याची वायर तुटली आहे. "वैनी, बाजारचा लावून बगितला, डोल्यांला पटत नाय," म्हणाले आणि खाली मान घालून बसले. कोणाला येणार तो दुरुस्त करायला? तेव्हा मी चहा देऊन त्यांना वाटेला लावलं. पण चामडं कसं कापायचं, किती तेल प्यायलं की बसवायचं, मेण कुठे भरायचं, हे सहा वर्षं बघितलं आहे मी, आणि वही माझ्या हातात आहे. उद्या त्यांना निरोप धाडते. खाटेचे तीन गोळे आहेत ना अजून?

आणि दुसरं वचन. ते याहून अवघड आहे, म्हणून लिहून ठेवते. पुढच्या महिन्यात शिमगा आहे. कुसुमला मी बोलावणार आहे. पालखी येऊन गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघेल, बेड्यापाशी जाईल, वळेल आणि विचारेल. मी पडवीच्या त्याच खांबाजवळ उभी राहीन. आणि म्हणेन, "ये गो, ये!" मोठ्याने म्हणेन, टेंपो चालू असल्यासारखं. तुम्ही मागे उभे आहात असं समजेन, पण या खेपेला तुम्ही गप्प राहा. मलाच म्हणू द्या.

ऊन गडग्यावरून उतरलं. भांडी पडली आहेत. उठायला हवं. तुमच्या सीटवरून उठताना 'जाते' म्हणायचं नसतं, तेवढी रीत मला अजून आहे.

येते. एवढ्यात नाही, हसनभाईंचा आरसा व्हायचा आहे. पण येते.

तुमची,
सुनंदा